डोंगर भरलेला असताना

बर्फ पाहायला मी गेलेच नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीत सगळ्यांना वाटतं की म्हातारीला या वयात हौस सुचली. मी गेले होते मुलीचं घर पाहायला. बर्फ मध्ये आला.

मुलगी तशी पाहिलेली होती. आमचा अमोल नव्या रायपूरला एका ऑफिसात आहे, तिथलीच ती. नवं रायपूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायचं तर डबा बांधून न्यावा, आणि रस्त्यावर माणूस नाही. अशा ठिकाणी दोन पोरं बोलायला लागली तर नवल काय? मुलीचं नाव पद्मा. नाव ऐकून मला वाटलं, आपल्यातलीच असेल, नागपूर-अमरावतीकडची. घरी आली तेव्हा कळलं, हिमाचलात लाहौल म्हणून भाग आहे, तिकडची. गालावर लाली, बोलणं मऊ, आणि माझ्या हातचा झुणका दोनदा मागून घेतला. मला आवडली. पण आवडली म्हणून काय झालं? मला दुकानातली पहिली साडीही आवडते, मी ती घेत नाही.

माझी नणंद शैलाताई मागच्याच गल्लीत राहते. ती म्हणाली, "तुले सांगून ठेवते, घर पाहून ये. बैठकीत बसून चहा पिऊन येशील तर मले सांगू नको. चुलीपर्यंत जा. आणि पक्कं होईपर्यंत त्यांच्याकडे पानावर बसू नको. चहा घे, फराळाचं घे. जेवलीस म्हणजे हो म्हटलंस."

ही आमच्यातली जुनी रीत. मुलीकडे गेलं की पोहे-चहा चालतो, पण ठरल्याशिवाय त्यांच्या चुलीवरचं पोटभर अन्न घ्यायचं नाही. आता ही रीत रायपुरात शैलाताई सोडून कोणी पाळत नाही. तरी मी चिवडा, शेव, बेसनाचे लाडू आणि खारे शंकरपाळे असा मोठा डबा भरला. अमोल म्हणाला, "आई, वहाँ दुकानें हैं." हा माझा मुलगा. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला आपलं समजलं.

रेल्वे आणि बसचं काही लिहीत नाही, सगळ्यांच्या कंबरा सारख्याच दुखतात. कुल्लूला मात्र एक फजिती झाली. पुढे बर्फ आहे म्हणून भाड्याने गमबूट घ्यायचे होते. दुकानदार म्हणाला, माताजी, नये जैसे हैं. आता 'नये जैसे' म्हटलं की माझा कान उभा राहतो. मी त्याच्याकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि दोन्ही बुटांत ओतून उचलून पाहिलं, घागर पाहतात तसं. गळले नाहीत. पण आतून ओले झाले ते झालेच, आणि सुकायला ऊन नव्हतं. पुढचा सगळा प्रवास मी ओल्या बुटांत केला. दुकानदार अमोलकडे पाहून नुसता हसला.

बोगद्याच्या पलीकडे

मनालीच्या वर डोंगराच्या पोटातून लांब बोगदा काढला आहे. अलीकडे देवदारांवर नुसता पाऊस भुरभुरत होता. पलीकडे निघालो आणि मी डोळे मिटून घेतले. मुळी रंगच नव्हता. रस्ता काळा, बाकी सगळं पांढरं, आणि वर आकाश असं निळं की खोटं वाटावं. टॅक्सीवाल्याला विचारलं, पुढे रस्ता कसा आहे? तो म्हणाला, "सब खुला है जी, जहाँ कहोगे छोड़ दूँगा." हे वाक्य मी मनात ठेवलं.

गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नदीकाठी सपाट छतांची घरं, छतांवर लाकडाच्या मोळ्या, आणि बर्फ मांडीइतका, त्यातून पायवाटा खणलेल्या. पद्मा आधीच येऊन राहिली होती. ती, तिचे वडील अंगरूपजी आणि आई असे तिघे रस्त्यापर्यंत घ्यायला आले. अंगरूपजी उंच, कमी बोलणारे, कोबी आणि मटारची शेती करणारे. त्यांनी माझ्या गळ्यात पांढरा रेशमी गमछा घातला आणि हात धरून घरात नेलं. खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. भोवती गालिचे. ऊब अशी की काढून ठेवलेले माझे बूट वाफ सोडू लागले.

मी बसले आणि पाहू लागले. पाहायलाच आले होते.

पद्माची आई चहा करायला उठली. तिने एक डबा उघडला, बंद केला. दुसरा उघडला. मग फळीवरचे सगळे डबे हलवून पाहिले आणि पद्माला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. पद्मा उठली, तिनेही दोन डबे उघडले. तेव्हा कुठे साखर सापडली.

आता मला सांगा, कुठल्या बाईला तिच्या घरात साखर सापडत नाही? मी डोळ्यांनी आंधळी झाले तरी माझ्या ओट्यावरची हळद नि मीठ ओळखीन. मग मी भिंतीकडे पाहिलं. तिथे लग्नाचा एक मोठा फोटो. त्यातला नवरदेव अंगरूपजी नव्हते.

मी अमोलला हळूच म्हटलं, "हे घर यांचं नाही." तो म्हणाला, "आई, प्लीज."

जेवणाची ताटं आली. राजमा, भात, वर घरचं तूप, वास असा की पोटाने माझ्याविरुद्ध बंड केलं. मी हात जोडून म्हटलं, माझा उपास आहे. मग डबा उघडून लाडू खाल्ला, त्यांनाही दिले. पद्माच्या आईने माझं ताट तसंच उचललं. अमोलने मात्र दोनदा भात घेतला. त्याला रीत सांगून काय फायदा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळच विचारलं. पद्मा लपवणाऱ्यातली नाही. म्हणाली, "हाँ आंटी, ये मामा का घर है. मामा लोग सर्दी में कुल्लू चले जाते हैं." तिने मला छतावर नेलं आणि बोट दाखवलं. समोर डोंगराचा मोठा पांढरा उतार, त्याच्या पलीकडच्या खांद्यावर दगडी घरं, एका घरातून सरळ धूर निघत होता. तेच त्यांचं. तिथे आजी आणि धाकटा भाऊ गुरांपाशी राहिले होते, वीज गेल्याने फोनही बंद. हे तिघे आमच्या स्वागतासाठी खाली आले आणि मागून बर्फ सुरू झाला तो आम्ही येईपर्यंत थांबलाच नाही.

मी म्हटलं, एवढं जवळ? मला तर तिथल्या छतावर रचलेलं गवत दिसून राहिलं. चला, जाऊन येऊ.

ती म्हणाली, "आज नहीं आंटी. पहाड़ भरा हुआ है."

समोरचा उतार

'पहाड़ भरा हुआ है.' हे वाक्य मी त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ऐकलं. आकाश स्वच्छ, ऊन चकाकणारं, वारा नाही, आणि घर समोर. अमोलही म्हणे, रुकते हैं. मी मनात एकेक गोष्ट जुळवत होते. टॅक्सीवाला म्हणतो सगळं खुलं आहे. हे म्हणतात बंद आहे. मुलीचा भाऊ वर आहे, त्याला खाली येता येत नाही म्हणे. काहून येत नाही? त्याच्यात काही खोट आहे का? आजीला काही झालं आहे का? की घरच पडकं आहे? रायपुरात आमच्याकडे नळवाल्याला बोलावलं की तो 'हव दीदी', म्हणजे हो, म्हणतो. सुताराला विचारा, 'हव'. येत दोघंही नाहीत, पण 'हव' म्हणतात, त्यात एक गोडवा असतो. इथे माणूस पाहुण्याच्या तोंडावर 'नाही' म्हणतो. मला ते लागलं.

मी अंगरूपजींना म्हटलं, मला समजावून सांगा, मी न समजण्याएवढी म्हातारी नाही. ते उठले, फावडं घेतलं आणि मला घरामागच्या शेतात घेऊन गेले. तिथे कमरेएवढा खड्डा खणून त्याची एक बाजू भिंतीसारखी सरळ तासली. म्हणाले, हात लावून पाहा.

वरचा थर घट्ट होता, वाऱ्याने दाबलेला, जमलेल्या तुपासारखा. त्याखाली मऊ. मग बोटाला टोचणारी बर्फाची पापडी. आणि अगदी तळाशी, जमिनीला लागून, दाणे. जाडी साखर असते ना, तसे सुटे, चमकणारे. त्यांनी मला मूठभर दिले आणि म्हणाले, गोळा बनाइए. मी बेसनाचे लाडू वळण्यात रायपुरात कोणाला हार जात नाही. मी दाबलं, फिरवलं, तोंडाची वाफ दिली. लाडू वळेना. सगळं बोटांतून गळून गेलं.

ते म्हणाले, थंडीच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि बरेच दिवस तसाच उघडा राहिला, तेव्हा त्याचे असे दाणे होतात. आता त्यावर नव्या बर्फाचं हे एवढं ओझं आलं आहे. खाली धरून ठेवणारं काही नाही. आभाळ स्वच्छ असो की नसो. एक माणूस मधोमध गेला तरी पुरे, वरचा सगळा थर एकदम सुटतो. तिकडचे लोक त्याला 'ग्लेशियर आया' म्हणतात.

मला माझ्या बाबांचं अभनपूरचं अंगण आठवलं. बाबा धानाच्या दलालीत होते. धानाच्या राशीवर चढलं की ते ओरडत, कारण रास वरून घट्ट दिसते आणि पाय पडला की पूर्ण बाजू घेऊन खाली येते. म्हणजे मला समजलं नाही असं नाही. पण समजणं वेगळं आणि विश्वास बसणं वेगळं. मी म्हटलं, "भाईसाहब, हे तुमच्या शेतातलं झालं. त्या डोंगरातही असंच आहे, हे कशावरून?"

त्यांनी फावडं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "वही तो. वहाँ जाकर खोद नहीं सकते."

आता असं उत्तर संशयी माणसाला दिल्यावर त्याने काय करावं?

परत येताना एक गोष्ट घडली ती सांगते. पद्मा घ्यायला आली होती. आम्ही न मळलेल्या बर्फातून चाललो होतो, आणि पायाखाली धप्प असा आवाज झाला, जसं तळघराचं दार कोणी आतून लावलं. पाऊल टाकलं नव्हतं तिथलाही बर्फ किंचित खाली बसला. पद्माने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सपाट शेत होतं, म्हणून काही झालं नाही. ती म्हणाली, हाच आवाज उतारावर ऐकू आला तर पुढे काही ऐकायला माणूस उरत नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. पोट्टी खरी घाबरली होती. तेवढं मी मानलं. त्याच दुपारी नदीपलीकडच्या डोंगरावरून ढगासारखं पांढरं काहीतरी उतरलं आणि उशिराने गडगडाट आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो डोंगर वेगळा.

या सगळ्यात माझं ताट रोज मांडलं जात होतं आणि रोज तसंच उचललं जात होतं. पहिल्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगितलं, नंतर काही सांगायचंही सुचेना. रीत आहे असं तोंडावर सांगता येत नाही, कारण सांगणं म्हणजे 'अजून माझं ठरलेलं नाही' असं म्हणणं. मी चहा पीत होते, त्यांचा मिठाचा लोण्याचा चहासुद्धा, डब्यातला चिवडा खात होते आणि राजम्याचा वास घेत होते. पद्माने एकदा विचारलं, "आंटी, ये उपवास कब खुलेगा?" मी हसून म्हटलं, घर पाहिलं की खुलेल.

गंमत म्हणून म्हटलं होतं मी. निदान अर्धी गंमत.

छतावर

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर शेगडीपाशी पद्माची आई एकटी बसलेली. कणीक मळून ठेवलेली, पोळी एकही लाटलेली नाही. अंगरूपजींची टोपी खुंटीवर नव्हती. मी विचारलं, भाईसाहेब कुठे? तिने मान हलवली. हिंदी तिला बेताचीच येते.

पद्मा छतावरून धावत खाली आली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता. "पापा ऊपर गए हैं. रास्ता बनाने. धूप आने से पहले गए."

कशाला, म्हणून मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"आपको घर दिखाना है ना. तभी तो आप खाना खाएँगी."

मी ओल्या बुटांत पाय घातले, कुठला उजवा कुठला डावा न पाहता, आणि तिच्या मागे छतावर चढले. अमोल तिथेच होता, मोबाइल कानाला लावून. समोर उताराच्या या बाजूला ओळीने वाळुंजाची झाडं आहेत. झाडांपर्यंत पावलांची एक रेघ गेलेली. आणि झाडांच्या पुढे, कोऱ्या पांढऱ्यावर, एक काळा ठिपका. तो हळूहळू पुढे सरकत होता. वर, डोंगराच्या कडेवर, बर्फाचा छज्जा बाहेर झुकलेला, त्याला ऊन लागायला सुरुवात झाली होती.

अमोल म्हणाला, उठा नहीं रहे. पद्माने तिचा फोन लावला. वाजला, वाजला, ठिपका थांबला. ती त्यांच्या बोलीत भराभर बोलली. मग ऐकलं. मग फोन खाली करून माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता.

"मैंने बोला आंटी ने खाना खा लिया, लौट आओ. बोलते हैं, तू झूठ बोल रही है."

त्या घरात संशय धरणारी मी एकटीच आहे असं मला वाटत आलं होतं.

मी जिन्यातून खाली ओरडले, ताट आणा. पद्माच्या आईला शब्द समजले नसतील, पण ती समजली. रात्रीचा राजमा आणि भात, तसाच थंड, थाळीत घालून वर घेऊन आली. मी पद्माला म्हटलं, चेहरा दिसतो तो फोन लाव. घरात नाही, पण छतावर आणि समोरच्या उतारावर तेवढं नेटवर्क येतं. पडद्यावर आधी बर्फ दिसला, मग तिरपी टोपी, मग अंगरूपजींचा लाल झालेला चेहरा. मी मोठा घास घेतला, तोंडात घातला, आणि त्यांना दिसेल असा चावला. दुसरा घेतला. भात शालीवर सांडला.

ते पाहत होते. माणूस उताराच्या मध्यात उभा राहून एका बाईला जेवताना पाहतो आहे, असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी भरल्या तोंडाने म्हटलं, "समधीजी, परत या. वापस आओ. मैंने खा लिया."

समधी म्हणजे व्याही. शब्द तोंडातून गेला. शैलाताई, रीत, चूल, सगळं राहिलं बाजूला.

ते तरीही क्षणभर उभे राहिले. मग फोन बंद झाला. ठिपका वळला. पद्मा म्हणाली, जिथे पाय पडले तिथेच परत टाकतील, दुसरीकडे नाही. आम्ही चौघं छतावर उभे. घास माझ्या तोंडात तसाच होता. ठिपका वाळुंजांत शिरला तेव्हा पद्माच्या आईने माझ्या हातातली थाळी काढून घेतली आणि माझं मनगट तसंच धरून ठेवलं.

अंगरूपजी आले, बूट काढले, शेगडीपाशी बसले. हात शेकत म्हणाले, "राजमा में नमक ठीक था?"

मी म्हटलं, कमी होतं. खोटं कशाला बोलायचं?

मग मी रीत सांगितली, सगळी, शैलाताईच्या नावासकट. पद्मा आईला समजावत होती आणि त्या बाईचा चेहरा बदलत गेला. आधी ती हसली. मग पदराने, म्हणजे तिकडच्या ओढणीने, डोळे पुसले. पद्माने मला सांगितलं की त्यांना काय वाटत होतं. त्यांना वाटत होतं, रायपूरची बाई डबा घेऊन आली आहे कारण ती आमच्या हातचं खात नाही. आम्हाला कमी समजते. अंगरूपजी रात्री म्हणाले होते, निदान घर दाखवून पाहू, बुद्धाची खोली पाहील, पितळेची भांडी पाहील, मग कदाचित तिला वाटेल माणसं बरी आहेत.

मी उठून सकाळची मळून ठेवलेली कणीक घेतली आणि पोळ्या लाटायला बसले. पद्माच्या आईने अडवलं नाही. मी त्या शेगडीवर पोळ्या भाजल्या, मामाच्या का असेना. साखर कुठे आहे ते आता आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तुम्ही विचाराल, तो डोंगर पडला का? नाही पडला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आम्ही निघालो तोवर नाही. चहाच्या वेळी मी छतावर जाऊन पाहायचे. कोऱ्या उतारावर त्यांच्या पावलांची रेघ अर्ध्यापर्यंत गेलेली आणि तिथूनच परत फिरलेली. तिच्या टोकापासून घर अगदी जवळ दिसत होतं.

रायपूरला, उन्हात

घरी आल्यावर शैलाताईने पहिला प्रश्न विचारला, "चूल पाहिली का?" मी म्हटलं, नाही, आणि लग्न ठरलं. तिने कपाळाला हात लावला. मग मी पूर्ण सांगितलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे डोंगर पडलाच नाही? मग तुले फसवलं नसेल कशावरून?" बघा. माझ्या घराण्यात मी संशय काही उगाच शिकले नाही.

तिने तसं म्हटलं म्हणून मी समधीजींना अधूनमधून फोन करून विचारत असे, पडला का? ते म्हणत, अभी नहीं समधन जी. मग आमच्याकडे पळस फुलून गेल्यावर एका दुपारी त्यांनी व्हिडिओ पाठवला. पांढरा धूर, गडगडाट, आणि शेवटी वाळुंजाच्या ओळीचा वरचा अर्धा भाग नव्हता. दोन्ही घरी सगळे बरे होते. मी व्हिडिओ शैलाताईला दाखवला. ती म्हणाली, यात तर धूरच दिसून राहिला, हा तोच डोंगर कशावरून? मी म्हटलं, ती झाडं पाहा. ती झाडं मी ओळखते.

वाट मोकळी झाल्यावर आजीने एकदा व्हिडिओवर फोन धरून घर दाखवलं. बुद्धाची खोली, पितळेची भांडी, गुरं, आणि शेवटी शेगडी. भाऊ तिथेच बसून माझ्याकडे पाहून दात काढत होता, धडधाकट. त्या दिवशी मी शैलाताईला बोलावून घेतलं होतं. तिने चष्मा लावून पूर्ण शेगडी पाहिली आणि म्हणाली, "हो, घर बरं दिसते."

लग्न मे महिन्यात झालं, कारण ऑफिसातून सुट्टी तेव्हाच मिळाली. समधीजी आले. रायपूरचा मे महिना त्यांनी फक्त ऐकला होता. लग्न उरकल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते कपडे करून बैठकीत आले. त्यांना अभनपूर पाहायचं होतं. त्यांना मी धानाच्या राशीचं सांगितलं होतं ना, ते अंगण पाहायचं होतं. पद्मा म्हणाली, पापा, शाम को. मी म्हटलं, "आज नाही समधीजी. लू लागेल."

त्यांनी दार उघडलं. बाहेर गल्ली रिकामी, ऊन शांत, आकाश निळं, पानही हलत नव्हतं. ते उंबऱ्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मला ते पाहणं ओळखीचं वाटलं.

"आसमान तो साफ है," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की लू, म्हणजे उन्हाचा झटका, दिसत नाही, माणूस चालता चालता खाली बसतो आणि उठत नाही, खिशात कांदा ठेवतात, कैरीचं पन्हं पितात, तरी या वेळेला बाहेर जात नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी आणलेला कांदा उलटसुलट करून पाहिला, हुंगला, आणि खिशात ठेवला. मग आत आले. पानं मांडलेली होती. मी खास राजमा केला होता, मीठ बेताचं घालून. समधीजी पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं, आणि तोंड सरळ ठेवून दोन्ही हात जोडले.

"मेरा उपवास है, समधन जी," ते म्हणाले. "अभनपुर देखूँगा, तब खुलेगा."